खांबातली खूण

ही शाळा भूकंपात तग धरेल का, ते आज इंजिनिअरबाईंना सांगायचं होतं. हातोडी मारायची, कान लावायचा. बद्द आवाज आला की प्लास्टर सुटलंय समजून खडूची खूण करायची. वरच्या वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

"पास करून टाका बाई," शिपाई हसला. "उगाच ठोकून ठोकून तुम्हीच पाडाल."

बाईंनी मधल्या खांबावर हातोडी मारली. आतून उत्तर आलं. टक टक टक. थोडं थांबून, टक.

बाईंच्या हातातला खडू गळून पडला. ढिगाऱ्याखाली अडकलं तर असं वाजवायचं, हे त्यांनी फक्त आपल्या लेकीला शिकवलं होतं.

"हा खांब पोकळ आहे?"

"छे हो! चांगला भरीव आहे."

पुन्हा तेच वाजलं, आता घाईघाईनं. बाईंनी घरी फोन लावला. लेकीनं लगेच उचलला आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"आई!" लेक हुंदके देत होती. "आपल्या भिंतीतून तुझी खूण ऐकू येतेय. मी उत्तर देतेय ना मघापासून! तू हलू नकोस, आजोबा भिंत फोडतायत."

फोनमधून पहारीचा घाव ऐकू आला. बाईंसमोरचा खांब उभा चिरला, आणि वरचे पाढे एकदम थांबले.