कोपऱ्यातली चांदणी

लग्नात मिळालेली शिंपल्याच्या नक्षीची पेटी रबीअच्या आईने दमास्कसच्या जुन्या बाजारातल्या हैसम या कारागिराकडे दुरुस्तीला दिली होती. निखळलेली नक्षी त्याने अशी भरली, की जोड कुठे दिसेना.

ती पेटी न्यायला आली, तेव्हा मावशीला हाक मारावी तसा तो म्हणाला, “खाला, नवे तुकडे ओळखून दाखवा, नाहीतर कॉफी तुमच्याकडून!”

तिचं बोट झाकणाच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत राहिलं.

“इथली चांदणी माझ्या रबीअने लहानपणी खिळ्याने उकरली होती रे. युद्धात तो बेपत्ता झाल्यापासून त्या खळग्यात रोज बोट ठेवते मी. एवढी एकच नवी चांदणी काढ, बाळा.”

हैसमने पटाशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

 

“चांदणी निघेल, खाला. पण ती बसवण्याआधी रबीअचा खळगा मी तासून सरळ केला.”