क्लचशिवाय सतरा फेऱ्या

"शर्यत जिंकलात, तेवढं ठेवू," संपादिकाबाई म्हणाल्या. "क्लचची वायर तुटली, तो भाग काढू. कोणाला पटायचं नाही."

तिरकेशेठ आपल्या मोटरसायकलच्या शोरूममध्ये टेबलाशी ताठ झाले. वळणावर गाडी इतकी आडवी घालायचे की बुटाची टाच झिजायची, म्हणून पडलेलं हे नाव. आता वय अडुसष्ट, गुडघ्यात दोन स्क्रू, आणि समोर तीन वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाचे कागद. नऊ वर्षं शर्यतीत पळाले, जिंकले ते एकदाच.

"तिसऱ्या फेरीत वायर तुटली. उरलेल्या सतरा फेऱ्या मी क्लचशिवाय मारल्या. ते काढलंत तर उरलं काय? नुसता निकाल. तो तर पेपरातही आला होता."

"माझे दीर इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, क्लचशिवाय गिअर बदलूच शकत नाही."

"दीर मोटरसायकल चालवतात का हो?" शेठच्या बायकोनं विचारलं. पुस्तक तिनंच टाइप केलं होतं.

"नाही, कार."

"तरीच."

शेठ उठले. "मिस्त्री, ती ट्रायलची गाडी बाहेर घे. क्लचची वायर काढून आण."

"अहो, गुडघा!" बायको म्हणाली.

"गुडघ्यानं कोण गिअर टाकतं?"

मिस्त्रीनं आणलेली वायर शेठनी बाईंच्या हातात ठेवली. "धरा. आणि बसा मागे." आता नाही म्हणायची सोय नव्हती. हेल्मेट घालून त्या बसल्या.

इंजिन सुरू झालं. मिस्त्रीनं मागून जोर लावला, गाडी पळायला लागली तसा शेठनी पायानं पहिला गिअर दाबला. एक हिसका बसला आणि गाडी निघाली. बाईंनी जीव मुठीत धरला. दुसऱ्या गिअरला त्या दचकल्या, तिसऱ्याला थोड्याशा. शेठ मान वाकवून इंजिन ऐकत होते. रेस क्षणभर सोडायची, आवाज उतरला की पायानं गिअर अलगद उचलायचा. चौथा कधी पडला ते बाईंना कळलंच नाही.

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. थांबले तर संपलं. इथे ढकलायला कोण येणार?

"आता हो?" बाई ओरडल्या.

शेठनी लांबूनच एकेक गिअर उतरवला. गाडी माणसाच्या चालीनं सरकू लागली. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून दमला. "काका, ढकलू का?" तो डोकं बाहेर काढून ओरडला. पांढरा पट्टा हातभर राहिला आणि सिग्नल हिरवा झाला. तिरकेशेठ मोठ्यानं हसले आणि वळणावर असे आडवे झाले की बाईंनी किंकाळी फोडली. पुढच्या वळणावर त्याही हसत होत्या.

शोरूमसमोर गाडी थांबली. शेठना धाप लागली होती आणि आनंद तर मावत नव्हता. "झालं," ते कसेबसे म्हणाले. "उतरा, बाई."

बाई उतरल्या नाहीत. त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"एक अक्षरही काढणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आणखी एक चक्कर मारा ना."

मिस्त्री ढकलायला पुढे झाला. शेठच्या बायकोनं त्याला बाजूला सारलं, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात गाडीला लावले.

"अहो," ती म्हणाली, "मी सांगेन तेव्हाच टाका हं गिअर."