स्वयंपाकघरातली सभा

माझा थोरला जयसिंग फाउंड्री चांगली चालवतो, पण त्याला एक वाईट खोड आहे. हे, म्हणजे पोरांचे आबा, गेल्यापासून कंपनीचे निम्मे शेअर माझ्या नावावर आहेत. तरी दरवर्षीची सभा म्हणजे काय, तर मी तव्यावर भाकरी टाकली की मागून येऊन विचारायचं, "आई, मंजूर ना?" मीही वळून न बघता मंजूर म्हणायची. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला आणखी काय विचारणार!

यंदा त्यानं आल्या आल्या गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसला.

"आई, कोळशाची भट्टी पाडून विजेची बसवायची म्हणतोय. तीन वर्षं तुला नफ्यातला वाटा मिळणार नाही."

यांनी स्वतःच्या हातांनी रचलेली भट्टी ती.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही पाडणार. निम्मी मालकीण तू आहेस." त्यानं मान खाली घातली. "पण आई, आबांना होता तसलाच खोकला आता भट्टीवरच्या दोघांना लागलाय."

एवढा पन्नाशीचा बाप्या, पण डोळे पुसताना अगदी लहान दिसला. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"पाड ती," मी म्हटलं. "तुझा बाप असता तर महिनाभर भांडला असता तुझ्याशी, आणि मग पहिला घण त्यानंच घातला असता."