निळी गाठ

गोंबो आजोबांची हायब्रिड गाडी घाट चढताना उकळली, तेव्हा मी, त्यांच्या मेकॅनिकने, गॅरेजमधल्या लोकांसमोर त्यांना फैलावर घेतलं. “आजोबा, कूलंटऐवजी नदीचं पाणी ओतलंत ना? घोडा वाटला का तुम्हाला?” सगळे खदाखदा हसले. आजोबा टोपी हातात धरून उभे. तपासलं, तर टाकीत इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंटच होतं. पंप ठीक, पंखा ठीक. शहरात, उलानबाटरच्या गर्दीत गाडी बॅटरीवरच रांगते, म्हणून तिथे इंजिन तापलं नव्हतं. शेवटी पुढची जाळी काढली. रेडिएटरवर उंटाच्या लोकरीचं पांघरूण तसंच वारा अडवून होतं, हिवाळ्यासाठी मीच निळ्या दोरीने बांधलेलं. एप्रिलमध्ये आजोबा ते काढायला आले, तेव्हा नुसतं बॉनेट आपटून मी “काढलं” म्हणालो होतो. “कुठल्या गाढवाचं काम हे?” कुणीतरी विचारलं. निळ्या गाठीवरून बोट फिरवत आजोबा म्हणाले, “माझंच. विसरलो.” सगळे पुन्हा हसले. मीही हसलो.