रेवाची आठवण

हर्षलरावांची स्मृती टेबलावरच्या संगणकाच्या आधारानं चालायची. त्यातल्या प्रणालीच्या देखभालीची मुदत आज संपत होती. जुन्या आवृत्तीवरच राहिलं असतं तर हळूहळू सगळंच विरलं असतं. नव्या आवृत्तीत मात्र गेल्या आठवडाभरात उघडलेल्याच आठवणी पुढं जाणार होत्या.

"लग्न उघडलंत, आईंची थालीपीठं उघडलीत, मेली ती शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा उघडलीत," देवयानी म्हणाली. "आता रेवाला उघडा. पोटची पोर मागं टाकून जाणार का?"

"उघडली की ती थेट नदीवरच जाते गं. दर वेळी माझ्यासमोर पुन्हा बुडते."

"मग तिला मी एकटीनंच आठवायचं?"

त्यांनी रेवाला न उघडताच पडदा देवयानीकडं वळवला. शेवटी तिनंच नव्या आवृत्तीचं बटण दाबलं.

चहा उकळेपर्यंत काम झालं. हर्षलराव कितीतरी वर्षांनी मोकळं हसले. चहा गाळताना देवयानीच्या ओठांवर सवयीनं ओळ आली, "नीज गं रेवाबाई, दारी चांदणं टेकलं..."

"गोड आहे," ते म्हणाले. "ही रेवा कोण गं?"

"गाण्यातली आहे हो कुणी," ती म्हणाली, आणि पुढची ओळ गाऊ लागली.