फेसावरची धार

"बाबा, आज तुमची दाढी मी करू?"

दाराबाहेर दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. पैज त्यांचीच होती, विचारून दाखव म्हणून. तिनं विचारलं. तेही भर दुकानात, गिऱ्हाईक खुर्चीत असताना, ठणठणीत आवाजात.

बाबांच्या स्वतःच्या गालांवर दोन दिवसांचे खुंट होते. "हनुवटी वर," ते गिऱ्हाइकाला म्हणाले.

खुर्चीतला शिंपी मात्र कळवळला. "अहो, ओढतोय तुमचा वस्तरा! दाढी करताय की केस उपटताय?" त्याचा एक गाल झाला होता. लालबुंद.

बाबांनी धारेचा दगड पुढे ओढला आणि त्यावर पाण्याचा हबका मारला. दुकानात धार पाण्यावरच लावायची, आजोबांपासून.

"द्या इकडे," ती म्हणाली, आणि वस्तरा घेतलासुद्धा.

दगडावरचं पाणी तिनं पुसून टाकलं. शिंप्याच्या वाटीतला ब्रश उचलला आणि दगडावर भरपूर फेस थापला.

"अगं अगं! दगडाची दाढी करतेस काय?" बाबा ओरडले. शिंपी खो खो हसला. ओले टॉवेल घेऊन मागच्या खोलीतून येणारी आई दारातच थबकली.

"पाण्यावर पातं खरवडतं, बाबा. फेसावर सरकतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या जुन्या वस्तऱ्यानं. तुम्ही जेवायला जाता ना, तेव्हा."

आईनं कपाळाला हात लावला.

ती पातं आडवं धरून पुढे नेत होती, पाठीवर उलटवून मागे आणत होती. घाई नाही, जोर नाही. एरवी या दगडातून निघणारी किरकिर आज निघालीच नाही. फेस हळूहळू राखाडी झाला. तिनं पातं पुसलं, चामड्याच्या पट्ट्यावर परजलं आणि बाबांपुढे धरलं.

बाबांनी ते मनगटावरच्या केसांना टेकवलं. नुसतं टेकवलं. केस गेले.

मग त्यांनी शिंप्याचा दुसरा गाल केला.

"झालं?" शिंप्यानं डोळे उघडले. एका गालावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. "हा गाल माझाच ना हो?"

बाबांनी तुरटी उचलली आणि फक्त पहिल्या गालाला लावली.

"बरं," ते खाकरले. "उद्यापासून धार तूच लावत जा. आत बसून, आईजवळ."

"बघ, मिळालं ना!" आई हळूच म्हणाली. "आता हट्ट पुरे. चारचौघांत लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणं पोरीला शोभतं का?"

समोरच्या आरशात तिला मैत्रिणी दिसल्या. आता त्या हसत नव्हत्या. दाराच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या.

ती दुसऱ्या खुर्चीपाशी गेली. त्या खुर्चीवर कोणीच बसत नसे, नुसता टॉवेलांचा ढीग असे. ढीग तिनं उचलला आणि आईच्या हातातल्या ओल्या टॉवेलांवर रचला. खुर्ची पुसली. खुंटीवरचं कापड काढून फाडकन झटकलं.

"आई, बाबा, नीट ऐका. धार मी आत बसून लावायची आणि वस्तरा बाहेर दुसऱ्यानं फिरवायचा, हे जमणार नाही. दोन्ही मीच करणार. शाळा सुटली की ही खुर्ची माझी."

कोणी काही बोलायच्या आत तिनं वाटीत ब्रश घोळवायला सुरुवात केली. या वेळचा फेस दगडासाठी नव्हता.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "हनुवटी वर."