वाटीएवढी वाफ

गॅरेजच्या कोब्यावर गडद रंगाचाच थर हवा, असा बापाने हट्ट धरला होता. फिक्या रंगावर डाग दिसतात म्हणे.

रंगाऱ्याने काल जमिनीवर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून ठेवला होता. "खाली ओल असली तर वाफ धरते, साहेब. मग थर टिकत नाही."

आज वाफ होती, पण कोपऱ्यात, वाटीएवढीच. विरायची आणि पुन्हा धरायची, गाढ झोपेतल्या श्वासासारखी.

"अशी ओल नाही बघितली कधी," रंगारी पुटपुटला.

बाप त्या कोपऱ्यापासून मागे सरला. ढब्बू तिथेच निजायचा. गाडी उलटी आत घेताना बापाने मागे पाहिलंच नव्हतं. कुत्रा पळून गेला, अशी थाप त्याने लेकीला मारली होती, आणि ती पचलीही होती.

फाटकातून लेकीने रोजच्यासारखी हाक मारली, "ढब्बू, ये रे!"

वाफ भराभर उमटू लागली. आणि कागदावर खालून, शेपटी आपटावी तसं, थपथप वाजलं.